सात दारांचा मतदार

"राजकारण हा आपला प्रांत नाही," हे वाक्य चावीकाका गेली बावीस वर्षं इतक्या ठसक्यात म्हणत आले होते, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीचे सगळे प्रांत ह्यांनी जिंकून ठेवलेत आणि एवढा एकच उदार मनाने दुसऱ्याला सोडलाय.

चावीकाका म्हणजे जागांचे एजंट. कुणाला भाड्याने घर हवंय, कुणाला विकायचंय, कुणाला नुसतंच रविवारी बायकोला घेऊन चार घरं बघायची हौस आहे, अशा सगळ्यांचे चावीकाका. कमरेला तीस-बत्तीस चाव्यांचा जुडगा. ते दिसायच्या आधी ऐकू येत. जिन्याखालच्या तिकोनी जागेत त्यांचं ऑफिस होतं. एक टेबल, दोन खुर्च्या आणि तिसरा माणूस आला तर जिन्याची पहिली पायरी. आता जिन्याखाली म्हटल्यावर कुणी नाक मुरडेल, पण त्या तिकोनातून त्यांनी सहाशेच्या वर संसार मार्गी लावले होते. नाक मुरडणाऱ्यांनी किती लावले ते आधी सांगावं!

तर अशा सुखी माणसाच्या राशीला सरकार आलं. राज्य सरकारने एजंटांसाठी नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यातल्या अकराव्या कलमात म्हटलं होतं, की ज्याला एजंटाचा परवाना हवा त्याचं स्वतंत्र प्रवेशद्वार आणि स्वच्छतागृह असलेलं, किमान तीनशे चौरस फुटांचं कार्यालय असावं. गावातल्या एजंट संघटनेचे सभासद एक्केचाळीस. त्यांतल्या कुणाचं ऑफिस शिंप्याच्या दुकानाच्या अर्ध्या भागात, कुणाचं औषधवाल्याच्या फळीवर, कुणाचं सरळ स्कूटरच्या डिकीत. तीनशे चौरस फूट फक्त एकाकडे होते आणि तेही त्याच्या सासऱ्याचे. सगळ्या गावाला जागा देणाऱ्यांकडे स्वतःला बसायला जागा नव्हती, आणि ही गंमत आहे असं म्हणायची सोयही नव्हती, कारण कलम मंजूर झालं असतं तर चाळीस घरांतल्या चुली थंडावल्या असत्या.

चावीकाका संघटनेचे अध्यक्ष. अध्यक्ष कसे झाले, तर निवडीच्या सभेला ते उशिरा पोचले म्हणून. पण एकदा झाले म्हटल्यावर त्यांनी ते पद अंगाला चिकटवून घेतलं. तातडीची सभा बोलावून ते गरजले, "सरकारला आपली ताकद दाखवून देऊ! आमदार आपल्या मतांवर निवडून येतो, विसरू नका!" टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी पार्किंगशेठची. हा पार्किंगशेठ म्हणजे त्यांचा धंद्यातला जुना दोस्त. घर कसंही असो, "पार्किंग बघा, पार्किंग!" म्हणून विकायचा. एकदा त्याने बिनखिडकीचं, आंधळं स्वयंपाकघर असलेला फ्लॅट अशाच पार्किंगच्या जोरावर खपवला होता, तोही गाडी नसलेल्या माणसाला.

दोघे आमदारांकडे गेले. आमदारांच्या ऑफिसात बाहेर चाळीस माणसं आणि आत एक सहायक, कॉम्प्युटरसमोर. आमदारांनी मसुदा चाळला, मान डोलावली आणि विचारलं, "सभासद किती?"

"एक्केचाळीस!" चावीकाका छाती काढून म्हणाले.

"नावं द्या ह्याला."

नावं दिली. सहायकाने मतदार यादी उघडली आणि टकटक टकटक करत एकेक नाव शोधायला लागला. दहा मिनिटांनी त्याने मान वर केली. "साहेब, नऊ सापडले. बाकीचे एकतर जुन्या पत्त्यांवर दुसऱ्या मतदारसंघांत आहेत, नाहीतर नाहीतच."

"आणि अध्यक्ष?"

"अध्यक्ष कुठेच नाहीत."

आमदार हसले. वाईट हसले असते तर परवडलं असतं, ते मनापासून हसले. "अहो काका, सगळ्या गावाला पत्ते वाटता आणि तुमचाच पत्ता नाही? नऊ मतांसाठी मी विधानसभेत कलम अडवू होय? या, परत कधीतरी या." एवढं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलंसुद्धा. चावीकाका उठले तेव्हा चाव्यांचा जुडगा खुर्चीच्या हातात अडकला, आणि तो सोडवेपर्यंत पुढचा माणूस, म्हणजे गटाराची तक्रार घेऊन आलेला म्हातारा, त्यांच्या डोक्यावर उभा राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होता. अपमान अगदी पोटात जाऊन बसला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे अपमानाचा भाग वगळून सांगितलं, पण ती तीस वर्षं संसार केलेली बाई, वगळलेलंच तिला आधी ऐकू येई.

"अहो, पण तुम्ही मत दिलंय कधी?"

"म्हणजे काय! दिलं असेलच की."

"कधी?"

चावीकाका आठवायला लागले. मतदानाच्या दिवशी सुट्टी असते. सुट्टी म्हणजे गिऱ्हाइकाला घरं दाखवायचा दिवस. अख्खं गाव मत द्यायला बाहेर पडे, बोटाला शाई लावून घेई, आणि "आता निघालोच आहोत तर एक घर बघू" म्हणत ह्यांच्याकडे येई. त्यात बावीस वर्षांत राहती घरं सहा बदललेली. चांगली किंमत आली की एजंट आधी स्वतःचं घर विकतो, हा त्या धंद्यातला जुना रोग. बायकोने पडद्यांची मापं घेणं कधीच सोडून दिलं होतं. यादीत नाव घालायचं म्हणजे आधी कुठे राहतो ते ठरलेलं हवं! वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी चावीकाकांच्या लक्षात आलं, की आपण जन्मात एकदाही मत दिलेलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

"उद्या अर्ज भरतो," ते म्हणाले. "येत्या निवडणुकीची यादी बंद व्हायला एकवीस दिवस आहेत. एक कागद भरायचाय, त्याला काय लागतं?"

काय लागतं हे समोरच्या दारातल्या परिपत्रकरावांना विचारायला नको होतं, पण जिन्यात भेट झाली. परिपत्रकराव हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. शेजारधर्माला जागून वागणारे, पण त्यांचं प्रत्येक वाक्य "परिपत्रकात असं म्हटलंय" इथून सुरू होई. त्यांच्या घरी दूध उतू गेलं तरी ते एखाद्या परिपत्रकाला धरूनच जात असावं, असा सगळ्या इमारतीला संशय होता. त्यांनी चावीकाकांना पाऊण तास जिन्यात उभं करून चौदा कागद सांगितले. चावीकाकांनी चौदाही जोडले. खिडकीवरच्या कारकुनाने दोन ठेवून घेतले आणि बारा परत दिले. परिपत्रकरावांना हे कळल्यावर ते दोन दिवस त्या कारकुनावर रागावून होते.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे जे झालं ते मात्र फक्त एजंटाच्याच नशिबी येऊ शकतं.

त्याचं असं आहे. मालक परदेशी गेला, की घराची चावी एजंटाकडे देऊन जातो. आता रिकामं घर म्हणजे सगळ्या इमारतीची मालमत्ता. त्याच्या दारात शेजारी आधी एक सायकल लावतो, मग चपलांचं कपाट, मग जुनी गादी. महिन्याभरात आपलं दार शोधायला कुदळ लागावी अशी गत. चोरांचा धाक वेगळाच. म्हणून जुने एजंट एक युक्ती करतात. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावतात आणि पाटीखाली आपले जुने जोडे ठेवतात. बघणाऱ्याला वाटावं, माणूस आत आहे. चावीकाकांच्या अशा पाट्या सात दारांवर होत्या. सात दारांत सात जोड, आणि राहत्या घरी मात्र एकच, तोही अंगठ्यापाशी उसवलेला. "दुसऱ्यांच्या दारात तुमचे जोडे आणि आपल्या दारात भोक," असं बायको म्हणे, पण धंद्याच्या खाचाखोचा तिला कोण समजावणार?

मतदार यादीची पडताळणी करायला शाळेच्या एक बाई येत. गणित शिकवून दुपारी दोनला सुटायच्या आणि मग डोक्यावर छत्री धरून दारोदार. त्या चावीकाकांच्या घरी आल्या तेव्हा दाराला कुलूप. पुढच्या गल्लीत गेल्या, तर तिसऱ्या मजल्यावर ह्यांची पाटी आणि कुलूप. त्याच्या पुढच्या इमारतीत तळमजल्यावर पाटी, जोडे आणि कुलूप. बाई गणिताच्या. त्यांनी मोजलं. आठवड्याने चावीकाकांच्या हातात नोटीस पडली, 'अर्जदार आठ ठिकाणी राहत असल्याचे दिसून येते, मात्र एकाही ठिकाणी आढळत नाही. खोटी माहिती दिल्याबद्दल अर्ज फेटाळून कारवाई का करू नये, याचा खुलासा सुनावणीस हजर राहून करावा.'

"कारवाई?" बायको म्हणाली. "मत द्यायला निघालात का तुरुंगात जायला?"

"हात दाखवून अवलक्षण," परिपत्रकराव समोरच्या दारातून म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

चावीकाकांनी खिशात स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि पाट्या काढायला धावले. एखाद्या शहाण्या माणसाने त्यांना थांबवायला हवं होतं, पण बरोबर होता पार्किंगशेठ. दोन पाट्या बिनबोभाट निघाल्या. तिसरीचा एक स्क्रू गंजलेला. चावीकाका तोंडात तीन स्क्रू धरून चौथ्याशी झटत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांची कॉलर धरली. त्या इमारतीचे सेक्रेटरी.

"काय चाललंय?"

"माझी पाटी काढतोय," चावीकाका स्क्रू सांभाळत म्हणाले.

"म्हणजे इथे राहणारे ते तुम्ही?"

आता आली का पंचाईत! हो म्हणावं तर नोटिशीतला गुन्हा कबूल. नाही म्हणावं तर भरदिवसा दुसऱ्याच्या दारावरची पाटी चोरणारा माणूस. पार्किंगशेठला वाटलं, आपण मदत करावी. "साहेब, ते इथे राहत नाहीत, पण पाटी त्यांची आहे, जोडेपण त्यांचेच आहेत." एवढं म्हणून तो पार्किंग बघायला खाली पळाला.

"तीन वर्षं शोधतोय तुम्हाला!" सेक्रेटरी ओरडले. "एका सभेला आला नाहीत! मागच्या वर्षी तुम्हाला पाणी समितीवर घेतलंय, ठाऊक आहे? टाकीला गळती लागलीय आणि समितीप्रमुखांचा पत्ता नाही!"

आपण समितीप्रमुख आहोत हे कळल्यावर एवढ्या गडबडीतही चावीकाकांना जरा बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. पण कॉलर सुटली नव्हती. जिन्यात गर्दी जमली. आणि नेमक्या त्याच वेळी छत्री मिटत, हातात रजिस्टर घेऊन शाळेच्या बाई वर आल्या. त्यांनी पाटीवरचं नाव वाचलं, चावीकाकांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सापडलात एकदाचे."

चावीकाकांनी तोंडातले स्क्रू काढून हातात घेतले आणि सगळं सांगितलं. परदेशातला मालक, पाटी, जोडे, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "मला पटतंय हो. पण मी लिहून चुकलेय, आता सुनावणीत सांगा. माझंच काय चाललंय बघा ना. बाराशे नावं दिलीत मला. अर्धी माणसं घर सोडून गेली, नवी आली ती दार उघडत नाहीत. आता ह्या समोरच्या दारात यादीप्रमाणे पाच मतदार आहेत."

"छे! ते कुटुंब दोन वर्षांपूर्वी स्टेशनमागे गेलं," चावीकाका सहज म्हणाले. "आता इथे डॉक्टर नवरा-बायको आहेत, संध्याकाळी सातनंतर भेटतील. वरच्या आजी गेल्या मागच्या हिवाळ्यात. त्यांची नात अठराची झालीय, तिचं नाव घातलेलं नसेल. आणि खाली बँकेतले ते..."

बाईंनी हळूच रजिस्टर उघडलं. सेक्रेटरींनी कॉलर सोडली.

त्या दुपारी चावीकाका बाईंबरोबर अकरा इमारती फिरले. कुठलं कुटुंब कुठे गेलं, कुणाचं लग्न झालं, कोण वारलं, कोण वेगळं राहायला लागलं, त्यांच्या डोक्यात सगळा गाव दारांच्या क्रमाने लावलेला होता. ते सांगत, बाई दार वाजवून स्वतः खात्री करत आणि मगच लिहीत. शेवटी बाई जरा अवघडून म्हणाल्या, "हे बघा, ह्याचा तुमच्या अर्जाशी काही संबंध नाही हं. मी शब्द टाकणार नाही."

"मी टाका म्हटलं का?" चावीकाका ताठ झाले. "अर्ज माझा आहे, मी निस्तरीन. गावाची यादी मात्र चुकीची राहायला नको. आमच्या धंद्याला ते शोभत नाही."

हे वाक्य तोंडून निघून गेल्यावर त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. गावात कोण कुठे राहतं हे ह्या एक्केचाळीस माणसांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि इतकी वर्षं ती माहिती फक्त घर दाखवायला वापरली होती. संध्याकाळी त्यांनी संघटनेची सभा घेतली. ह्या वेळी गरजले नाहीत. म्हणाले, "मी कधी मत दिलेलं नाही. मागच्या सभेत मी तुम्हाला मोठ्या गप्पा मारल्या, त्याची मला लाज वाटते. आमदार हसले, कारण हसण्यासारखंच होतं. आता दोन कामं करायची. आधी आपापलं नाव यादीत घालायचं, घरच्यांचंही. मग आपापल्या गल्लीतल्या पडताळणीवाल्यांबरोबर फिरायचं. आपण फक्त सांगायचं, लिहायचं त्यांनी. आणि कुणाला मत द्या हे चुकूनसुद्धा बोलायचं नाही."

"पण गिऱ्हाईक?" कुणीतरी विचारलं.

"परवानाच गेला तर गिऱ्हाईक घेऊन काय लोणचं घालायचंय?"

तेरा दिवस एक्केचाळीस एजंट उन्हातान्हात फिरले. पार्किंगशेठ तर असा पेटला, की गाड्यांवरून माणसं ओळखायला लागला. "ही निळी गाडी सहा महिने हललेली नाही, मालक गेला बघा कुठेतरी," असं म्हणे आणि नव्वद टक्के वेळा बरोबर निघे.

आणि मग सुनावणी. अधिकारी म्हणजे चष्म्याआडून नुसतं बघूनच माणसाला गुन्हेगार वाटायला लावतील अशा मॅडम. चावीकाका इस्त्रीचा शर्ट घालून उभे. साक्षीला बायको आणि परिपत्रकराव.

"हे गृहस्थ तुमच्या समोरच्या घरात राहतात का?" मॅडमनी परिपत्रकरावांना विचारलं.

"परिपत्रकात 'राहणे' ह्याची व्याख्या अशी आहे..." परिपत्रकरावांनी सुरुवात केली. अकरा मिनिटांनी मॅडमनी त्यांना पाणी द्यायला सांगितलं आणि ते पीत असताना बायकोला विचारलं, "तुम्ही सांगा. हे घरी राहतात?"

"रोज जेवायला येतात, भाजीला नावं ठेवतात, तीच भाजी दोनदा मागून घेतात आणि पेपर तोंडावर घेऊन झोपतात," बायको म्हणाली. "ह्याला राहणं म्हणत असाल तर राहतात."

मॅडमनी कागदावर 'राहतात' असं लिहिलं. पण नियम म्हणजे नियम, सातही जागा डोळ्यांनी बघायला हव्यात. निघाली वरात! पुढे मॅडम, मागे शाळेच्या बाई, चावीकाका, बायको, आणि सगळ्यांत मागे "जागेचा पंचनामा पायीच करावा असं आहे" म्हणत परिपत्रकराव. प्रत्येक घर उघडायचं, आत भांडं नाही, अंथरूण नाही, हे मॅडमनी टिपायचं. पण चावीकाकांची बावीस वर्षांची जीभ! कुलूप उघडलं की तीच बोलायला लागे. "या मॅडम, पूर्वेचा उजेड, हवा खेळती, पाण्याची कटकट नाही..." बायको मागून शर्ट ओढायची, तेव्हा ते भानावर येत.

पाचव्या घरात मॅडम गॅलरीत उभ्या राहिल्या. खाली शाळेचं मैदान, समोर दोन मोठी झाडं. बराच वेळ बघत होत्या. मग सरकारी आवाज जरा खाली ठेवून म्हणाल्या, "हे... भाड्याने द्यायचंय का? मी आठ महिने घर शोधतेय. इथून ऑफिस चालत दहा मिनिटांवर आहे."

परिपत्रकरावांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, जन्मात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही. चावीकाकांना दिसत होतं, एक हो म्हटलं की अर्ज मंजूर, घरही गेलं, सगळ्यांचं भलं. ते घर वर्षभर रिकामं पडलं होतं. त्यांनी चाव्यांचा जुडगा मुठीत आवळून धरला.

"मॅडम, आज नाही," ते म्हणाले. "आज मी अर्जदार आहे. आज मी तुम्हाला हे घर देऊ केलं, तर उद्या माझं नाव यादीत दिसल्यावर लोक म्हणतील, घर देऊन घातलं. त्या नावावर मग मी मत कुठल्या तोंडाने देऊ? तुम्ही निकाल लिहा, हवा तो लिहा. यादी छापून निघाली की या ऑफिसात, रांगेत जसे सगळे येतात तशा."

मॅडमनी गॅलरीकडे पाठ केली. चष्मा पुसला, परत घातला. "सहावं घर दाखवा," म्हणाल्या.

परत येताना बायको म्हणाली, "वेडे आहात." चावीकाकांनी वळून बघितलं तर ती डोळे पुसत होती. लग्नात त्यांना सोन्याची अंगठी मिळाली होती तेव्हासुद्धा ते एवढे फुलले नव्हते.

यादी लागली. बाईंनी स्वतः फोन करून अनुक्रमांक सांगितला आणि चावीकाकांनी तो एवढ्या वेळा घोकला, की बायकोला स्वतःचाही आठवेना, ह्यांचाच आठवायला लागला. बाईंच्या भागातली साडेतीनशेच्या वर नावं दुरुस्त झाली होती. एजंटांपैकी अडतीस यादीत आले. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी घरं बदलली होती. स्वभावाला औषध नाही.

मतदानाच्या दिवशी गावातल्या प्रत्येक एजंटाच्या दारावर कागद होता, 'आज घरे दाखवली जाणार नाहीत. मत देऊन या, उद्या भेटू.' सकाळी सात वाजता फोन आला, गिऱ्हाईक बाहेरगावचं, संध्याकाळी परत जाणार, तीन घरं आजच बघायची होती. "साहेब, तुमच्या गावीही आज मतदान आहे," चावीकाका म्हणाले. "तुम्ही इथे काय करताय?" आणि फोन ठेवून दिला. गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे!

शाळेच्या वर्गात बाकांची रांग सरकवून केंद्र मांडलं होतं. कर्मचाऱ्याने त्यांचं नाव मोठ्याने वाचलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. सगळा गाव त्यांना चावीकाकाच म्हणे. आपलं नाव एवढ्या लोकांसमोर, एवढ्या स्पष्ट आवाजात त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "हजर," ते म्हणाले. रांगेतली माणसं हसली. पण आडोशामागे गेल्यावर ते अजिबात हसत नव्हते. बाहेर आले ते असे आले, की पार्किंगशेठने त्यांना न विचारता रस्ता करून दिला.

निकालात आमदार पुन्हा निवडून आले. फक्त एकशे सत्तावीस मतांनी. अडतीस एजंट आणि त्यांच्या घरची मिळून मतं होती एकशे चौसष्ट. हा हिशेब चावीकाकांनी कुणालाही सांगितला नाही, पण आमदारांच्या सहायकाकडे यादी होती आणि त्याला बेरीज येत होती.

चौथ्या दिवशी जिन्यासमोर गाडी थांबली. आमदार स्वतः उतरले, वाकून तिकोनात शिरले, सहायकाला पायरीवर बसवलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. वर कुणीतरी जिना उतरत होतं, त्याची धूळ त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडली.

"काय काका, ओळख आहे ना?" ते हसून म्हणाले. मग जरा पुढे झुकले. "तुमच्या लोकांची मतं... आम्हालाच पडली असतील ना?"

"मत गुप्त असतं साहेब," चावीकाका म्हणाले. "मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. एवढं मात्र सांगतो, आमची नावं यादीत आहेत, आणि पाच वर्षांनीही असतील."

वरची पावलं उतरून गेली. मग आमदारांनी सहायकाकडे बघितलं. "कागद काढ. बोला काका, अकराव्या कलमाच्या जागी काय हवंय? अधिवेशन सोमवारी सुरू होतंय."

चावीकाका बोलायला लागले. पहिल्या वाक्यापाशी थांबून ते सहायकाच्या पेनाकडे बघत राहिले, कारण बावीस वर्षं ते बोलत आले होते आणि लोक ऐकत आले होते, पण समोर बसून त्यांचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. एक घोट पाणी प्यायले. मग सावकाश सांगितलं, की एजंटाची पारख त्याच्या कामाच्या नोंदीवरून आणि परीक्षेवरून व्हावी, त्याच्या ऑफिसच्या फुटांवरून नको. परीक्षा कडक घ्या, फसवणाऱ्याचा परवाना काढा, आमची ना नाही, पण जिन्याखाली बसून सचोटीने काम करणाऱ्याला बाहेर काढू नका. सहायक भराभर लिहीत होता.

"आता वाचून दाखवा," चावीकाका म्हणाले.

सहायकाने वाचलं. "एजंट संघटना नम्र विनंती करते की, अकराव्या कलमातील जागेची अट..."

"थांबा. 'नम्र विनंती' मी बोललो नाही."

"काका, ते लिहावंच लागतं. तशी पद्धत आहे."

"पद्धत असेल. खोडा ते. तिथे लिहा, 'ह्या मतदारसंघातले एजंट सांगतात की'."

सहायकाने आमदारांकडे बघितलं. आमदारांनी चावीकाकांकडे बघितलं, शर्टावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "ते सांगतायत तसं लिही."